टाकीवरची ड्यूटी

महानगर, लखनौ
६ जुलै २०२५

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

तुला त्या सैनिकी अकादमीत सोडून आलो, तेव्हा तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं की पहिलं सत्र फोन नाही, फक्त पत्रं. त्यांचं मला पटलं. आमच्या भरतीच्या वेळीही हेच होतं, आणि तेव्हा कुणी मेलं नाही. तुझ्या बापाला, रणजितला, तेजपूरला फोन करून हे सांगितलं तर तो म्हणतो, "आबा, तुम्हाला आनंदच झाला असेल." झालाच. पोरगी सतरा वर्षांची झाली नि अजून शुद्ध मराठीत चार ओळी लिहीत नाही. आता झक मारत लिहिशील.

आता तू माझ्या गळ्यात बांधून गेलेल्या कामाचा अहवाल.

तुझा संगणक सुरू केला. तुझा तो 'नकाबनगर' खेळ उघडला. तुझी ती घार (पंख फार भडक आहेत, जरा फिके घे) माझ्या हाती आल्याबरोबर पुलावरून चालत गेली आणि खाली पडली. चूक माझी नाही. पूल अर्धाच बांधलेला आहे! तू म्हणाली होतीस की खेळ नवा आहे, कंपनी अजून चाचणी घेते आहे. पण म्हणून इतकं? प्रत्येक कोपऱ्यावर तोच एक पानवाला उभा. इमारतींना दारं नाहीत. माणसं भिंतीतून आरपार जातात. एवढ्या मोठ्या शहरात रक्षण करायला आलेले वीर मोजून पंधरा-वीस, आणि लुटारू एकही नाही, कारण ते म्हणे पुढच्या महिन्यात येणार आहेत. अशा ठिकाणी आम्हाला पाठवलं असतं तर आम्ही परत कळवलं असतं, 'शत्रू पोहोचलेला नाही, जेवून घेतो.'

तुझी आजी मागे खुर्ची टाकून बसते आणि हसते. तिला हसायला कारण लागत नाही, मी पुरतो.

तू सांगितल्याप्रमाणे रोज दुपारच्या जेवणानंतर पाण्याच्या टाकीवर जाऊन उभा राहतो. लढायचं नाही, उडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. ही कसली ड्यूटी? नाव वापरात राहिलं नाही तर कंपनी ते दुसऱ्याला देते, हे समजलं. पण नाव वापरायला टाकीच कशाला, आणि दुपारच कशाला? वामकुक्षीची वाट लागली आहे.

दुसऱ्या दिवशी टाकीवर एक 'जुगनू', म्हणजे काजवा, आली. अंगातून पिवळा उजेड निघतो, दुसऱ्यांच्या जखमा बऱ्या करते. तिने लिहिलं, "घार, तुम आ गई?" मला खोटं लिहवेना. मी लिहिलं, "मैं घार का दादा हूँ. वह पढ़ने गई है. ड्यूटी मेरे पास है." मग तिने हात जोडले, म्हणजे तिच्या बाहुलीने जोडले, आणि लिहिलं, "नमस्ते दादाजी. आप रोज आएँगे?"

मी लिहिलं, आएँगे. आता सांग, ही कोण?

आजी म्हणते, खोबरेल तेल संपत आलं असेल तर कळव.

तुझा,
आबा

*

१४ जुलै

ती. आबा आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

लिहिलं बघा, शुद्ध मराठीत! पुढचं मात्र जसं येईल तसं.

इथे पहाटे उठवतात, धाववतात, मग चहा देतात जो चहा नाहीये. बाकीच्या मुली सातारा-सांगलीच्या, त्यांना माझी मराठी ऐकून हसू येतं. मी "सब्जी वाढा ना" म्हटलं की सगळी पंगत हसते. एक सानिका आहे, ती चांगली आहे. बाकी सगळं ठीक. पाय दुखतात.

घारीचे पंख फिके होणार नाहीत. ते रंग कमवायला मला पूर्ण उन्हाळा लागला, यार आबा.

तुम्ही रोज टाकीवर जाता हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी पत्र दोनदा वाचलं. प्लीज जात राहा. एक दिवसही चुकवू नका. जुगनूशी काय बोलायचं ते बोला, पण नाव विचारू नका, कुठे राहते विचारू नका, फोटो वगैरे तर बिलकुल नाही. आमचा नियम आहे. एप्रिलमध्ये खेळ सुरू झाला तेव्हा आम्ही पहिले बारा जण होतो, आणि सगळ्यांनी ठरवलं होतं की नकाबच्या आत कोण आहे ते कुणीच विचारायचं नाही. लोक तिथे येतातच त्यासाठी. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा ऑर्डर आहे.

टाकीच का, ते नंतर सांगीन. मी प्रॉमिस केलं आहे. तुम्ही तिथे दिसलात की पुरे.

आजी, तेल आहे. लाडू मात्र संपले, कसे संपले ते सानिकाला विचारावं लागेल.

तुमची,
अबोली

*

महानगर
२५ जुलै

चि. अबोलीस,
आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहायला बसलो आहे.

आधी चांगलं सांगतो. तुझी ती जुगनू गुणाची आहे. मला उडायला तिने शिकवलं. मी दर वेळी त्या घंटाघरावर आपटायचो, ती यायची, उजेड टाकायची, लिहायची, "दादाजी, पहले ऊपर, फिर आगे." एवढ्या संयमाने मला आमच्या उस्तादांनीही शिकवलं नव्हतं. रोज विचारायची, आज काय जेवलात. मी सांगायचो. एकदा म्हणाली, अरबीत ओवा घालत जा, म्हणजे घशाला खाजणार नाही. आजीने घातला. खरंच खाजलं नाही. आजी त्या दिवसापासून माझ्या आधी येऊन खुर्चीवर बसते, आणि मी जरा उशीर केला की म्हणते, "अहो, चला, ती वाट बघत असेल." मी नाव विचारलं नाही. ऑर्डर पाळली.

आता परवाचं. खेळात काही नवी सुधारणा आली. संगणक सुरू केल्यावर बराच वेळ चक्र फिरत राहिलं, आणि मग आत गेलो तर सगळ्यांचे आवाज ऐकू यायला लागले. कुणाच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, कुणी खोकतंय. कंपनीने सगळ्यांचे माईक परस्पर सुरू केले होते आणि कुणाला पत्ताच नव्हता. मी टाकीवर गेलो. जुगनू उभी होती, पण काही लिहीत नव्हती.

तिच्या बाजूने एका पुरुषाचा आवाज आला. ओरडत नव्हता, अबोली. तेच मला विसरता येत नाही. हळू, समजावल्यासारखा बोलत होता. "फोन दिया था किसलिए? बताओ. किसलिए दिया था?" मग एक आवाज. मग परत तसंच हळू, "बताओ." आणि परत. भांडं पडल्याचा आवाज नव्हता तो. मी बिनतारी विभागात नोकरी काढली आहे. कानाला काय ऐकू येतं ते मला कळतं.

ती रडली नाही. तुझी आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "रडत नाहीये, म्हणजे पहिली वेळ नाही."

मी माईकवर ओरडलो, "कौन है? हाथ हटाओ!" पण माझा माईक तू कधी जोडलेलाच नाहीस. मी नुसता खोलीत ओरडत होतो. पडद्यावर घार पंख हलवत उभी होती, आणि समोर जुगनू. शहरात तेव्हा आणखी सात-आठ वीर होते. एक असा, की जो आगगाडी उचलतो. सगळ्यांना ऐकू येत असणार. सगळे जागच्या जागी थांबले. मग एकेक करून निघून गेले.

दोन गोष्टी माझ्या कानांनी टिपल्या. एक, विमान उतरत होतं, इतकं जवळ की तिच्या घरातली भांडी वाजली. दुसरं, बाहेर आंब्यांचा हातगाडीवाला ओरडत होता, "मलिहाबाद का चौसा, चौसा ले लो." मलिहाबाद लखनौला लागूनच, म्हणजे ती इथलीच आहे. आपल्या लखनौची. अमौसी विमानतळाच्या बाजूची. माझ्या घरापासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर.

तुला हे माहीत होतं का? माहीत असल्यामुळेच मला टाकीवर उभं केलंस ना?

मी नुसता उभा राहणारा माणूस नाही. आम्हाला शिकवलं आहे की एखादी गोष्ट आपल्या हातची नसेल तर ती वर कळवायची, लेखी, जसं ऐकलं तसं, काही न गाळता. तिच्या नावाखाली एक 'शिकायत' म्हणून बटण आहे. दुसरं कुठलंच नाही. ते दाबून कंपनीला सगळं लिहून कळवावं म्हणतो. त्यांच्याकडे तिचा पत्ता असेलच. तुझ्या उत्तराची वाट बघायला हवी हे समजतं, पण टपालाला जाऊन-येऊन दहा-बारा दिवस लागतात आणि मला तेवढे दिवस बसवणार नाही.

आबा

*

१ ऑगस्ट

आबा,

बटण दाबू नका. दाबू नका. हे पत्र मिळायच्या आत दाबलं नसेल तर प्लीज दाबू नका.

तुमचं पत्र आज जेवणाच्या वेळी मिळालं. मी तशीच वॉर्डन बाईंकडे गेले, म्हटलं, घरी फोन करायचा आहे, इमर्जन्सी. त्या म्हणाल्या, कोण आजारी आहे? मी म्हटलं, मैत्रीण. नाव काय? मला माहीत नाही. कुठे असते? माहीत नाही. कुठली मैत्रीण? मी म्हटलं, खेळातली. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की पहिल्या सत्रात सगळ्याच मुलींना घरची आठवण येते. आबा, त्या वाईट नाहीत. मी काय बोलले असते?

आता सगळं सांगते. प्रॉमिस गेलं चुलीत.

एप्रिलमध्ये आम्ही बारा जण होतो तेव्हा ती रोज दुपारी यायची, सासू झोपल्यावर. कधी कधी चार-चार दिवस यायची नाही. मग आली की टाकीवर जाऊन नुसती उभी राहायची, खेळायचीच नाही. एकदा मी जाऊन शेजारी उभी राहिले. तिने लिहिलं, "कुछ मत पूछना, बस खड़ी रहो." मी राहिले. नंतर हळूहळू सांगितलं. मी तिला हेल्पलाइनचा नंबर दिला, माहेरी जा म्हटलं. म्हणाली, माहेरचे लोक दोनदा परत सोडून गेले. लखनौची आहे एवढं मला माहीत होतं, एकदा सासूबरोबर निशातगंजला साडीला फॉल लावायला गेले होते असं म्हणाली होती. बाकी काही नाही. तिने एवढंच मागितलं होतं की दुपारी कुणीतरी टाकीवर असावं. "कोई दिखे तो लगता है, हूँ." असं लिहिलं होतं तिने. मी इथे येणार म्हटल्यावर तिने नुसतं "अच्छा" लिहिलं. म्हणून मी तुम्हाला ठेवलं.

आणि बटणाचं ऐका. मे महिन्यात कुणीतरी माझ्यावर शिकायत केली होती, की घार हे नाव चोरलं आहे. कंपनीत माणसं नाहीतच, सगळं आपोआप चालतं. शिकायत आली की ते खातं काही काळ बंद करतात, आणि शिकायतीत जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं त्या खात्याच्या ईमेलवर पाठवतात, 'आपके विरुद्ध यह शिकायत मिली है.' मला आलं होतं.

तिचा फोन तिच्या नवऱ्याचा जुना फोन आहे. ईमेल त्याचं आहे.

आबा, दाबू नका.

अबोली

*

महानगर
५ ऑगस्ट

चि. अबोलीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून नाही. तोवर इकडची हकिगत कळवतो.

तुला पत्र टाकलं त्याच दिवशी मी कंपनीला लिहिलं. दोन तास बसून, हिंदीत, मुद्देसूद. कधी ऐकलं, काय ऐकलं, कुठले शब्द, किती वेळा. विमान आणि आंबेवाला हेही लिहिलं. आजी म्हणाली, "एवढं सगळं कशाला लिहिता?" मी म्हटलं, अर्धवट अहवालाला किंमत नसते. शेवटी लिहिलं, 'इस महिला को तुरंत सहायता चाहिए.' बटण दाबल्याबरोबर उत्तर आलं, 'धन्यवाद वीर! आपने नगर को और सुरक्षित बनाया.' वर फुलं उडाली. मला राग आला, पण म्हटलं, फुलं उडवू देत, काम होऊ दे.

दुसऱ्या दिवशी जुगनू आली नाही. तिचं नाव यादीत राखाडी झालं आहे. तेव्हापासून राखाडीच आहे. मी रोज टाकीवर जातो.

हेल्पलाइनला फोन केला. बाई फार नीट बोलली. नाव विचारलं, पत्ता विचारला, नवऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, तिला जुगनू म्हणतात. ती म्हणाली, "बाबूजी, हम आज ही गाड़ी भेज देंगे, आप बस घर बता दीजिए." घर मी कुठून सांगू?

मग अमौसीला गेलो. आजीला दवाखान्यात जातो म्हणून सांगितलं, कारण ती पण निघाली असती. विमानतळाच्या मागच्या अंगाला वस्त्या आहेत, गल्ल्यांमागून गल्ल्या. एका ठिकाणी उभा राहिलो, विमान उतरलं, खिडक्यांची तावदानं वाजली. म्हटलं, इथेच. पण तशी तावदानं वाजणारी घरं हजारभर तरी असतील. दारं बंद, दुपारची वेळ. आतून कूलरचा आवाज. एका बाईने दार उघडून विचारलं, "किसको ढूँढ रहे हैं अंकल?" मी म्हटलं, कुणाला नाही. तिने पाणी आणून दिलं. मी पाणी पिताना तिच्या हातांकडे बघत होतो, अबोली, काही वळ दिसतात का म्हणून. तिच्या लक्षात आलं असावं. तिने दार लावून घेतलं.

वय झालं की चालून चालून पाय दुखतात एवढंच होतं असं मला वाटायचं.

कंपनीकडे अजून चौकशी चालू असेल. एवढा तपशील दिल्यावर त्यांना काहीतरी करावं

टपाल आलं. तुझं पत्र आहे. वाचून पुढे लिहितो.

वाचलं.

आजीला वाचून दाखवलं. ती आत जाऊन कणीक मळायला लागली, संध्याकाळ झाली नव्हती तरी.

मी जसं ऐकलं तसं लिहिलं होतं, एकही शब्द न गाळता. ते सगळं त्याने वाचलं असणार.

आबा

*

१३ ऑगस्ट

आबा,

मला तुमचा खूप राग आला आहे. तो लिहून संपतच नाहीये, म्हणून हे चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली. तुम्ही दहा-बारा दिवस थांबला असतात तर.

आणि मग वाटतं, मी तरी तिथे असते तर आवाज बंद करण्याशिवाय काय केलं असतं?

परेडला उभी असते तेव्हा सगळा वेळ हेच डोक्यात असतं. बाई म्हणाल्या, कवायत सुधारली तुझी, अगदी हलत नाहीस.

ती आली का, एवढंच कळवा. आली किंवा नाही आली. बाकी काही लिहू नका.

अबोली

*

महानगर
४ सप्टेंबर

चि. अबोलीस,

आली.

एवढंच लिहायला सांगितलं होतंस, पण एवढ्यावर थांबता येत नाही. तू मोठी झाली आहेस, तुला सगळं सांगितलं पाहिजे.

मधल्या दिवसांत मी टाकीवर जात होतोच. खेळाचं आता बरंच बांधून झालं आहे. पूल पुरा झाला, लुटारू आले, नवीन पोरंसोरं शेकड्यांनी आली. टाकीवर उभ्या असलेल्या घारीला येता-जाता हाणतात, मी पडतो, परत चढतो. तुझ्या माईकच्या तारा आजीने कपाटातून शोधून काढून जोडून घेतल्या, मेकॅनिकला बोलावून. म्हणाली, पुन्हा वेळ आली तर निदान ओरडलेलं पोहोचेल.

काल जेवून बसलो तर तिचं नाव उजळलेलं. मी आजीला हाक मारली. दोघं बसलो. जुगनू टाकीवर उभी. मी इतका खुळ्यासारखा आनंदलो की काही विचार न करता लिहून टाकलं, "बेटी, कैसी हो? कहाँ थी?"

तिकडून लिहून आलं, "आप कौन?"

ती मला असं कधी विचारणार नाही. मग आवाज आला. तोच, हळू. "नमस्कार. मैं इनका हस्बैंड बोल रहा हूँ. खाता आज खुला तो सोचा देख लूँ, रोज दोपहर में यहाँ कौन मिलता था इनसे."

अबोली, माझ्या तोंडात फौजेतल्या सगळ्या शिव्या आल्या होत्या. त्याला सांगणार होतो की मी तुझा आवाज ओळखतो, तुझं घर शोधून काढीन, तुला कोर्टात उभा करीन. तेवढ्यात त्याच्या मागे बांगड्या वाजल्या. त्याच खोलीत होती ती. आजीने माझा दंड धरला आणि मान हलवली. मला समजलं. मी जे बोलेन त्याची किंमत मी देणार नव्हतो. त्याने फोन बंद केल्यावर ती द्यायची होती, ती खोलीतल्या दुसऱ्या माणसाने.

मी म्हटलं, "बेटा, मैं बूढ़ा आदमी हूँ. पोती का खेल है, वह हॉस्टल में है. मैं बस सीख रहा था."

म्हातारा आवाज त्याच्या कानाला पटला असावा. तो म्हणाला, "अच्छा, अच्छा. और वह शिकायत, दादाजी? वह आपने लिखी थी?"

मी म्हटलं, "हाँ."

"उसमें तो बड़ी बातें लिखी थीं आपने."

माझ्या कानांवर लोकांनी आपले जीव सोपवले होते. धुक्यात, पावसात, खरखरीतून एकेक शब्द मी वेचून दिला आहे, आणि तो कधी चुकला नाही. मी त्याला म्हटलं, "कान खराब हैं बेटा. घर में टीवी चल रहा था. मुझसे गलती हो गई. माफ कर दो."

तो हसला. साधं हसला, चांगल्या घरातला माणूस हसतो तसं. "अरे नहीं दादाजी, आप बुजुर्ग हैं, माफी मत माँगिए. मैं तो इनसे कह ही रहा था कि किसी को धोखा हुआ है. ये मानती ही नहीं थीं. कहती थीं, किसी ने सुना है." मग म्हणाला, "आप जरा खुद ही कह दीजिए इनसे. यहीं बैठी हैं. आपके मुँह से सुन लेंगी तो तसल्ली हो जाएगी."

आजी माझा दंड सोडत नव्हती.

मी म्हटलं, "बेटी, मैंने कुछ नहीं सुना था."

तिकडे विमान उतरत होतं. मग मला तिचा आवाज ऐकू आला. मी तिचा आवाज याआधी कधीच ऐकला नव्हता, रोज लिहूनच बोलायचो. लहान आवाज आहे, जरा सर्दी झाल्यासारखा. ती म्हणाली, "जी दादाजी."

तो म्हणाला, "चलिए, आप अपना ध्यान रखिए," आणि जुगनू टाकीवरून नाहीशी झाली. थोड्या वेळाने लिहून आलं की या खेळाडूने खातं कायमचं मिटवलं आहे. ते नाव आता कुणालाही घेता येईल.

आजी तेव्हापासून माझ्याशी नीट बोलते आहे, नेहमीपेक्षा जास्त नीट. ते मला सहन होत नाही. ती म्हणते, तुम्ही तेच करायला हवं होतं. कदाचित काल रात्री तिला मार बसला नसेल. कदाचित बसलाही असेल. हे मला कधीच कळणार नाही, तुलाही नाही.

माझ्या मनात आता एकच गोष्ट आहे. ती नवऱ्याला सांगत होती की कुणीतरी ऐकलं आहे. महिनाभर, मार खातही, ती तेवढं एक वाक्य धरून बसली होती. मी खोटं बोललो ते तिच्यासाठी, हे तिला कळलं असेल का ग, अबोली? की तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याने खरंच काही ऐकलं नव्हतं?

तुझा,
आबा